बारा डब्यांचा जबाब

अकोले तालुक्यात लोक कळसूबाई चढायला जातात, भंडारदऱ्याचं पाणी बघायला जातात, काजव्यांच्या दिवसांत तर गाड्यांची रांग लागते. मी गेले ती बारा स्टीलच्या डब्यांत काय काय घातलं होतं आणि कुणी, याचा तपास करायला. आता परत येऊन महिना झाला. जो भेटतो तो विचारतो, "डोंगर पाहिलेस का?" पाहिले की, डोळे उघडे होते माझे. पण सांगण्यासारखं आहे ते डब्यांचं.

आधी माझा धंदा सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. मी पुण्यात निर्यातीची कागदपत्रं करून देते. वकील नाही, अधिकारी नाही. माल परदेशी जायचा तर त्याच्याबरोबर जे कागद जातात, ते बिनचूक भरायचं काम माझं. डब्यात काय आहे, किती आहे, कुणी पाठवलं, कुठे निघालं, सगळं लिहायचं आणि लिहिलेलं आणि आतलं तंतोतंत जुळायला हवं. तीस वर्षं हे केल्यावर माणूस जरा खवचट होतो. घरच्या डाळीच्या बरणीवर 'तूरडाळ' लिहिलेलं असून आत मूग निघाले तर मला अजून राग येतो.

अकोल्याच्या डोंगराकडच्या एका वाडीत बारा बायकांचा एक गट नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड करतो. हॉलंडमधला एक दुकानदार इकडे गड चढायला आला, एका घरी जेवला आणि त्या पापडांच्या प्रेमात पडला. पहिला माल पुठ्ठ्याच्या खोक्यांतून गेला तो तिकडे चुरा होऊन पोचला. मग त्याने स्वतःचे साठ स्टीलचे डबे पाठवले, घट्ट झाकणाचे, नंबर कोरलेले. असे डबे जकात न भरता देशात आणता येतात, पण एका अटीवर : सहा महिन्यांत ते देशाबाहेर गेले पाहिजेत. भरून जावोत की रिकामे, पण गेले पाहिजेत. तसं हमीपत्र द्यावं लागतं. त्यावर गटाची प्रमुख म्हणून सही होती पारूबाईंची.

अठ्ठेचाळीस डबे भरून गेले. मग मे महिन्यातच आभाळ भरून यायला लागलं, पापड वाळेनात, बारा डबे तसेच राहिले, एकेकीच्या घरी एकेक. मुदत संपत आली तेव्हा मी म्हटलं, रिकामे परत पाठवून द्या, पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा पाठवील. कागदावर लिहिलं : 'स्टीलचे डबे, रिकामे, नग बारा.' सरळ काम. डोळे मिटून करण्यासारखं, आणि मी ते तसंच केलं. झालं! बंदरावर तपासणीत डबे उघडले, तर ते रिकामे नव्हते.

अधिकाऱ्यांनी पाठवलेली यादी मी तीनदा वाचली. डबा एक, तांदूळ, अंदाजे एक मूठ. डबा दोन, तांदूळ, अंदाजे एक मूठ. डबा चार, गुळाचा खडा. डबा पाच, बारीक काळे बी, दोन चमचे, ओळख पटली नाही. डबा सात, हळकुंड एक, सुपारी एक. अशी सगळी यादी, फक्त डबा नऊपुढे लिहिलेलं : 'काही आढळले नाही.' आणि खाली प्रश्न : हा माल हेतुपुरस्सर लपवून पाठवला असे का समजू नये? लेखी जबाब आठ दिवसांत.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. धान्य परदेशी पाठवायचं तर त्यात कीड नाही असा सरकारी दाखला लागतो, मग ते पोतं असो की मूठ. लपवल्याचा ठपका बसला असता तर डबे जप्त, मुदत हुकली म्हणून हमी मोडली, गटाचा निर्यातीचा परवाना बंद आणि हॉलंडची पुढच्या उन्हाळ्याची मागणी गेली पाण्यात. सही पारूबाईंची होती, तेव्हा जबाबदार त्या एकट्या. फोन लावला तर एक शब्द इकडे, दोन तिकडे आणि मध्ये नुसती खरखर. शिवाय मला बारा सह्या हव्या होत्या. म्हणून गेले.

पहिला दिवस : संगमनेरच्या पुढे

संगमनेरपर्यंतचं काही सांगत नाही, रस्ता सगळ्यांना माहीत आहे. अकोल्याच्या स्टँडवर एसटी सोडली आणि जीप पकडली. जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो, एक गॅसची टाकी होती आणि एक कोंबडी होती, ती सगळ्यांत शहाण्यासारखी बसली होती. माझी फाइल मी मांडीवर घेतली होती, पण राजूरच्या आधी कुणीतरी जागा करायला म्हणून ती उचलली आणि मग ती मला दिसेना. उतरताना कळलं, एक धिप्पाड आजोबा तिच्यावर बसले होते.

"फाईल हाय व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं गादी. लई बरं वाटलं बघा बसाया."

सरकारी प्रश्नावर असं बसायला मलाही आवडलं असतं. मी फाइल सरळ केली आणि बाहेर बघायला लागले. पाऊस ओसरला होता. उतारांवर सोनकी पिवळीधमक फुलली होती, खाचरांत भात निसवला होता आणि वळणावळणाला धरणाचं पाणी डोकावून जात होतं. कळसूबाईचं टोक ढगात होतं. ते दिसेल म्हणून मी मान बाहेर काढली, तेव्हा शेजारच्या बाईने माझा पदर ओढून मला आत घेतलं आणि रागावून म्हणाली, "ताई, डोंगार कुटं पळून चाललाय का?"

पारूबाई वाडीच्या तोंडाशी उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, उंच, बोलणं अगदी मोजकं. त्यांनी माझी पिशवी घेतली, घरी नेलं, पाणी आणि गूळ पुढे केला. मी लगेच फाइल उघडायला लागले तर म्हणाल्या, "आधी जेवा. कागद काय उपाशी न्हाई मरत."

जेवणात नागलीची भाकरी, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी आणि खाचरातल्या खेकड्यांचा रस्सा. खेकडा कसा फोडायचा हे मला येत नाही. मी त्याच्या नांगीशी बराच वेळ झटले, ती निसटली आणि थेट फाइलवर जाऊन पडली. हमीपत्राच्या प्रतीवर रश्श्याचा डाग अजून आहे. पारूबाईंनी न हसता नांगी उचलली, दाताखाली फोडली आणि आतलं मांस माझ्या ताटात ठेवलं. चव अशी की मी पुढे दोन भाकरी खाल्ल्या आणि तपासाचं नावसुद्धा काढलं नाही.

चुलीजवळ भीमाआजी बसल्या होत्या, पारूबाईंच्या शेजारच्या, गटातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. हॉलंडच्या दुकानदाराशी झालेला करार त्यांना मी थोडक्यात समजावून सांगत होते. त्यात असं कलम होतं की वाद झाला तर निवाडा त्याच्या गावच्या कोर्टात होईल.

"म्हंजी भांडान झालं तर आमी तकडं जायाचं?" आजींनी विचारलं.

"तसं लिहिलंय खरं."

"आन राहायाचं कुटं? त्याच्याच घरी ना?"

"त्याच्या घरी कसं? भांडण त्याच्याशीच असणार."

"मग काय झालं? पाव्हनं हाय आमी. भांडान दुपारी करू, सांजच्याला जेवाया घालील की त्यो."

मी या कलमाचे तोटे अनेकांना समजावले आहेत, पण जेवणाची सोय कुणी विचारली नव्हती. पुढच्या करारात निवाड्याची जागा इकडची मागायची, असं मी वहीत टिपून घेतलं. आजींना ते पटलं नाही. मग त्याला इकडे यावं लागेल आणि त्याला खेकडा खाता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा दिवस : शाळेचा ओटा

सकाळी बाराही जणी शाळेच्या ओट्यावर जमल्या. मला वाटलं होतं की चौकशी आहे म्हटल्यावर घाबरतील, माना खाली घालतील. कर्म माझं! मी यादी वाचायला लागले आणि ओट्यावर जत्रा भरली.

"डबा एक, तांदूळ."

"माझा! आंबेमव्हराचं हुतं, वास न्हाई आला का त्यास्नी?"

"डबा चार, गूळ."

"त्यो माझा. चांगला खडा बघून घातल्ता."

"डबा पाच, बारीक काळे बी, ओळख पटली नाही."

चंद्राबाई म्हणून एक ठसठशीत बाई होती, गटाची वाचाळ सभासद. ती उठूनच उभी राहिली. "खुरासनी हाय ती! खुरासनी वळकू आली न्हाई? कसला सायब म्हनायचा ह्यो!"

हळकुंड-सुपारी भीमाआजींची निघाली. बाकीच्यांनी "आजींचं बाई सगळं रीतीचं" म्हणून कौतुक केलं. मी पेन खाली ठेवलं.

"पण घातलंत कशाला?" मी विचारलं. खरंच, मला राग यायला हवा होता, पण राग बाजूला राहून नुसती उत्सुकता वाटत होती. "कागदावर मी रिकामे लिहिलं होतं. पारूबाईंनी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं हुतं की," चंद्राबाई म्हणाली. "पन ताई, दुसऱ्याचं भांडं रिकामं माघारी देत्यात का कुनी? तुमच्याकडं देत्यात?"

त्यांचं म्हणणं असं : शेजारणीने वाटीभर कालवण दिलं तर वाटी धुऊन परत देताना तिच्यात चिमूटभर साखर तरी जाते. परातीत मूठभर तांदूळ, तांब्यात दोन सुपाऱ्या. रिकामं भांडं परत देणं म्हणजे संबंध संपला असं सांगणं. एप्रिलमध्ये हॉलंडचे साठ डबे आले आणि बायकांनी उघडून पाहिले, तर साठच्या साठ रिकामे. वाडीत दोन दिवस चर्चा झाली. भीमाआजींनी निकाल दिला की त्या माणसाला सुतक असणार, म्हणून काही घातलं नाही, तेव्हा मनात धरू नये.

"आमाला सुतक न्हवतं," आजी शांतपणे म्हणाल्या. "मग आमी कसं रिकामं धाडावं?"

मला आमची पुण्यातली सोसायटी आठवली. शेजारची आणि मी एकमेकींना पदार्थ पाठवतो, पण आइस्क्रीमच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यांतून, आणि देतानाच म्हणतो, "परत नको करूस हं." परत करायला नको म्हणून साखरेची चिमूटही नको. सोयीचं आहे. पण शेजारीण माझ्या घरात शेवटची कधी बसली होती, ते मला तिथे ओट्यावर आठवेना.

तरी काम होतंच. मी त्यांना समजावलं. कायद्यात चूक वेगळी आणि हेतू वेगळा. चुकून राहिलं असेल तर ताकीद देऊन सोडतात, मुद्दाम घातलं असेल तर शिक्षा. म्हणून आपण लिहू की डबे धान्याजवळ ठेवले होते, झाकणं उघडी होती, चुकून थोडं आत पडलं. मी मसुदासुद्धा घरून करूनच आणला होता. वाचून दाखवला.

मग चंद्राबाई म्हणाली, "चुकून कसं लिवता? झोपंत घातलं का आमी?"

"अहो, लिहिण्यापुरतं."

"लिवन्यापुरतं म्हंजी काय? त्यो हालंडवाला वाचील. म्हनंल, ह्या बाया मला रिकामंच धाडत हुत्या, चुकून चार दानं पडलं. छ्या! आमी मुद्दाम घातलं. मुद्दाम लिवा."

मी कपाळावर हात मारला. 'मुद्दाम' हा एकच शब्द जबाबात यायला नको म्हणून तर मी एवढ्या लांब आले होते. मी पुन्हा समजावलं, परवाना जाईल म्हटलं, पापड कुणाला विकाल म्हटलं, आणि शेवटी आवाजही चढवला. बायका ऐकून घेत होत्या, मानाही हलवत होत्या, पण 'चुकून'वर सही करायला एकही हात पुढे आला नाही.

मग भीमाआजींनी विचारलं, "आन नवव्या डब्यात काय हुतं?"

"नववा रिकामा होता," मी म्हटलं. "त्यात काही सापडलं नाही."

"न्हाई कसं? कुनाचा त्यो?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आपापले नंबर मोजले गेले. अकरा डब्यांचा हिशेब लागला. पारूबाई उठल्या, "भाकरी टाकायच्यात," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दुपारी मी त्यांना शोधत खाचराकडे गेले. त्या बांधावर बसून गवत उपटत होत्या. मी शेजारी बसले. पाय चिखलात गेला, चप्पल तिथेच राहिली, ती त्यांनी हात घालून काढून दिली. मग आपणहून बोलल्या.

"तुमी समजावलं हुतं ना ताई, कागदावर जे हाय तेच आत पाह्यजे. मी समद्यांना सांगितलं. मग डबं टेम्पोत चढवायच्या येळंला बघितलं, तर एकेक बाई पदराखालनं मूठ काढती आन झाकान लावती. मी बघितलं. सही माझी हुती, परवाना समद्यांचा, म्हनून माझ्या डब्यात मी न्हाई घातलं. पन त्यास्नी न्हाई म्हनाया तोंड उघडंना माझं."

"मग तुम्ही तर नियमाने वागलात," मी म्हटलं. आणि मला एकदम सुचलं. "पारूबाई, हेच लिहू की! प्रमुखाने सगळ्यांना सूचना दिली होती, तिचा डबा रिकामा आहे, सभासदांनी तिच्या नकळत केलं. तुमच्यावर काही येणार नाही. परवानाही वाचेल बहुतेक. नववा डबा पुरावाच आहे."

कागद म्हणून ही सुटका अगदी पक्की होती, मी तीस वर्षांच्या अनुभवाने सांगते. पारूबाईंनी गवताची मूठ बांधावर टाकली.

"त्याच्या घरी समद्यांचं काय ना काय पोचलं आसतं. माझाच डबा रिकामा पोचनार हुता. जवापासून टेम्पो गेला तवापासून घास ग्वाड लागंना मला. आन तुमी म्हनता त्योच पुरावा दावायचा?"

त्यांचे डोळे भरले होते. नियम पाळला म्हणून लाज वाटणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि तो नियम मीच त्यांना शिकवला होता.

तिसरा दिवस : जबाब

सकाळी पुन्हा ओटा. पारूबाई आल्या त्या सरळ मधोमध उभ्या राहिल्या आणि नववा डबा त्यांचा, असं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. का रिकामा ठेवला तेही सांगितलं. चंद्राबाईने तोंड उघडलं, मला वाटलं आता टोमणा मारणार. ती म्हणाली, "आमच्यापायी केलं व्हय तू? मग बोलायचं न्हाई का गं बाई?" आणि पारूबाईंना ओढून शेजारी बसवलं.

"आता लिवा ताई," पारूबाई म्हणाल्या. "मी सांगते तसं लिवा."

मी माझा मसुदा फाइलच्या तळाशी सारला आणि त्या सांगतील तसं लिहीत गेले. कोणत्या डब्यात कुणी काय घातलं, ते जिच्या तिच्या नावाने. रिकामं भांडं परत देण्याची रीत नाही, म्हणून घातलं. विकायला घातलं नाही, लपवायला घातलं नाही, झाकण काढलं की पहिलं दिसेल असं घातलं. धान्याला दाखला लागतो हे ठाऊक नव्हतं. आणि शेवटचं वाक्य पारूबाईंचं, ते मी एक अक्षर न बदलता ठेवलं : 'अकरा बायांनी मुद्दाम घातलं आन बारावीनं बघितलं, पन थांबवलं न्हाई, सही तिची हाय.'

सह्या झाल्या, दोन अंगठे झाले. मग मी कागद घडी करायला लागले तर भीमाआजी म्हणाल्या, "म्हंजी आता डबं रिकामंच जायाचं?"

"रिकामेच जायला हवेत आजी, कागदावर तसं आहे."

"मग कागदावरच लिवा ना, मूठभर हाय म्हनून."

मी थांबले. अहो, खरंच की! डब्यात काही असणं हा गुन्हा नव्हताच, न सांगता असणं हा होता. भेट म्हणून काही पाठवायचं तर तसं लिहून पाठवता येतं. कागद दुरुस्त करून मागता येतो. मात्र जे घालायचं त्याला दाखल्याची भानगड नको. मग ओट्यावर जी सभा झाली तशी मी मोठमोठ्या कंपन्यांतही पाहिली नाही. तांदूळ? नाही, धान्य. गूळ? नाही, तो खाण्याचा पदार्थ. फूल? छे, मुळीच नाही. सुपारी? नाही. माती लागलेलं काही चालणार नाही, कीड धरेल असं काही चालणार नाही.

"मग त्या हालंडात जातं तरी काय?" चंद्राबाई वैतागली.

"कापड चालेल," मी म्हटलं. "धुतलेलं, सुती."

अर्ध्या तासात घराघरांतून जुन्या लुगड्यांचे धुतलेले तुकडे आले. गोधडीला घालतात तसे दोनतीन थर आणि वरून बारीक धावदोरा, वीतभर चौकोन, चुलीवरचं गरम भांडं उचलायला घेतात तसा. दुपारपर्यंत बारा चौकोन तयार झाले. पारूबाईंचा गर्द हिरवा होता, कडेला लाल दोरा. मीही मदत करायला गेले आणि सुई बोटात घुसवून घेतली. मग मला चहा देऊन बाजूला बसवण्यात आलं.

निघताना पारूबाईंनी पापड आणि खुरासणीची चटणी एका स्टीलच्या डब्यात भरून दिली. घरातलाच डबा, झाकणाला पोचा आलेला. "डबा सवडीनं धाडा," म्हणाल्या. जीप आली, तेच आजोबा आत बसलेले. त्यांनी हसून फाइल मागितली, मी दिली नाही.

बंदर

अधिकारी पन्नाशीचे होते, परप्रांतातले. मराठी समजायचं पण बेताचं, म्हणून जबाब मीच वाचून दाखवला. बोलीतलं सगळं त्यांना कळलं असेल असं नाही, पण शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मग त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला आणि 'मुद्दाम'वर बोट ठेवून हिंदीत विचारलं.

"या शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. तरी लिहू दिलंत?"

"मी नको म्हणत होते," मी म्हटलं. "त्यांनी ऐकलं नाही."

"माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जबाबात सगळं चुकूनच झालेलं असतं," ते म्हणाले. "सोनंसुद्धा चुकून येतं."

ते बराच वेळ यादी आणि जबाब शेजारी शेजारी ठेवून जुळवत होते. डबा पाचशी थांबले. "खुरासणी," त्यांनी यादीत स्वतःच्या पेनने लिहिलं. मग निर्णय सांगितला. लपवण्याचा हेतू दिसत नाही, गटाला लेखी ताकीद. धान्य नियमाप्रमाणे त्यांच्यासमोर नष्ट करायचं, डबे स्वच्छ करायचे, कागद दुरुस्त करायचा आणि मुदतीच्या आत डबे रवाना करायचे. परवान्याला हात लावला नाही.

धान्य नष्ट करताना मी उभी होते. आंबेमोहोराचा वास खरंच येत होता. मग सोबत आणलेले चौकोन एकेका डब्यात घातले आणि दुरुस्त कागद भरला. पहिली ओळ, 'स्टीलचे डबे, नग बारा.' दुसरी ओळ, 'हातशिवणीचे सुती चौकोन, नग बारा, प्रत्येक डब्यात एक, भेट.' अधिकाऱ्यांनी तपासायला म्हणून एकच डबा उघडायला सांगितला. मी नववा पुढे केला. त्यांनी हिरवा चौकोन उचलून पाहिला, उलटून धावदोरा पाहिला, होता तसा आत ठेवला आणि झाकण स्वतः दाबून बसवलं.

पुण्याला पोचल्यापासून मी वाडीला फोन लावत होते. चौथ्या दिवशी नशिबाने रेंज मिळाली.

"गेले डबे," मी ओरडून सांगितलं.

"समदे?"

"सगळे."

"नववा?"

"नवव्यातलं साहेबांनी स्वतः बघितलं. दुसरा कुठलाच डबा उघडला नाही."

पारूबाई म्हणाल्या, "आज जेवले बघा ताई मी. पोटभर."

फोन ठेवला आणि माझी नजर दाराजवळच्या टेबलावर गेली. पापड संपले होते. त्यांचा पोचा आलेला डबा मी घासून, पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता, उद्या एसटीच्या पार्सलने पाठवायला. वर पार्सलचा फॉर्म होता, माझ्या सवयीप्रमाणे आदल्याच दिवशी बिनचूक भरलेला : 'स्टीलचा डबा, रिकामा, नग एक.'

मी वर्तमानपत्र सोडलं, डबा स्वयंपाकघरात नेला आणि फॉर्मवरचा 'रिकामा' खोडून टाकला.